प्रसिद्ध गाणं सिनेमात घेताना: ते गाणं नक्की कुणाचं?

मालवणच्या एका मुलानं विचारलंय, आधी त्याचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तो सत्तर मिनिटांचा सिनेमा करतोय, सगळा मालवणीत. खाडीपलीकडच्या वाडीतली एक म्हातारी, घोव जाऊन बरीच वर्षं झालीत, मुलगा तिला कायमचं मुंबईला न्यायला आलाय. शेवटी घराला कुलूप लागतं आणि होडीतून ती खाडी ओलांडते. त्या शेवटच्या तीन मिनिटांवर त्याला 'गोमू माहेरला जाते हो नाखवा' हे गाणं पूर्ण वाजवायचंय. प्रश्न तीन आहेत. परवानगी लागते का, कारण वीस-तीस सेकंद फुकट चालतात असं त्याला कुणीतरी सांगितलंय. नाहीच मिळालं तर तशाच चालीचं दुसरं करून घेऊ का. आणि एडिटर म्हणतो हे गाणं इथे नको, तो म्हणतो माका ताच गाणा व्हया, तर बरोबर कोण.

मी सव्वीस वर्षं साऊंडमध्ये आहे, आधी अंधेरीत आणि आता घरी, रत्नागिरीत. तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्या दोघांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

अरे, तुझा एडिटर बरोबर आहे. पण गाणं काढून टाक असं मी म्हणत नाहीये. हे गाणं ऐकलेलं नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही, शाळेच्या गॅदरिंगला ऐकलेलं, हळदीला बेंजोवर ऐकलेलं, गणपतीला मुंबईहून येताना बसमध्ये सगळ्यांनी मिळून म्हटलेलं. पहिली ओळ वाजली की लोक टाळ्यांनी ठेका धरणार, हे मी लिहून देतो. म्हणजे तू गाणं लावलंस की हॉलमधली दोनशे माणसं तुझ्या म्हातारीला होडीत एकटी सोडून आपापल्या गॅदरिंगला निघून जातात. प्रसिद्ध गाण्याची ताकद आणि धोका दोन्ही तिथेच आहे, ते रिकामं येत नाही, ऐकणाऱ्याचं सगळं सामान घेऊन येतं.

शिवाय हे गाणं खट्याळ आहे, माहेरला निघालेल्या पोरीचं. तुझी म्हातारी माहेरला चाललेली नाही, आयुष्यभर राबून जे सासर तिनं आपलं केलं ते सोडून चाललीय. हा उलटा अर्थच तुला भावला असणार, आणि मलाही तो फार आवडला. पण तो लोकांना लागायचा तर गाणं शेवटच्या रीळात पहिल्यांदा येऊन चालणार नाही, ते त्याआधी तिचं झालेलं पाहिजे.

तिचं म्हणजे कसं? 'कासाब्लांका' घे. सिनेमा १९४२ चा, आणि त्यातलं 'ॲज टाइम गोज बाय' हे गाणं १९३१ चं, म्हणजे अकरा वर्षं जुनं, सिनेमासाठी लिहिलेलंच नव्हे. संगीतकार मॅक्स स्टायनरला ते नको होतं, त्याला स्वतःचं गाणं टाकायचं होतं, पण तोवर नायिका इंग्रिड बर्गमननं पुढच्या सिनेमासाठी केस कापले होते, त्यामुळे ते सीन परत शूट करणं जमेना आणि गाणं राहिलं. आता बघ ते सिनेमात कसं येतं. बर्गमन ते वाजवायला सांगते, पियानोवाला सॅम आधी टाळाटाळ करतो, मग वाजवतो, आणि नायक बोगार्ट तरातरा येतो की हे वाजवायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना. बस, तिथून पुढे ते गाणं त्या दोघांचं झालं. मग स्टायनरनंच ते बॅकग्राउंडमध्ये कुठे कुठे विणलंय ते ऐक, नको असलेल्या गाण्यावर इतकं सुंदर काम क्वचित ऐकायला मिळतं.

आपल्याकडचं उदाहरण 'द लंचबॉक्स', २०१३. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी, ज्या आपल्याला दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज ऐकू येतो, त्या 'साजन'ची कॅसेट लावतात. नायकाचं नाव साजन. खिडकीतून गाणं खाली येतं तेव्हा तू गाणं ऐकत नसतोस, नायिकेच्या, इलाच्या मनात काय चाललंय ते ऐकत असतोस. गाणं अख्ख्या देशाला पाठ आहे, तरी त्या दोन मिनिटांपुरतं ते एका स्वयंपाकघराचं होतं, कारण ते कुणीतरी, कुठूनतरी, काहीतरी कारणानं लावलंय.

म्हणून माझं पहिलं सांगणं, गाणं आधी फ्रेममध्ये आण. आम्ही त्याला सोर्स म्युझिक म्हणतो, म्हणजे रेडिओ, टेप, लाउडस्पीकरचा कर्णा, बेंजो, माणसाचा गळा, जे पात्रांनाही ऐकू येतंय ते. तुझ्या स्क्रिप्टमध्ये आठव्या मिनिटाला म्हातारी पडवीत बसून कोकमाची सोलं वाळत घालतेय ना, तिथे तिला हे गुणगुणू दे. मुखडा नको. अंतऱ्याच्या मधली कुठलीतरी अर्धी ओळ, तीही शब्द विसरून, कारण खरी माणसं गाणं असंच गातात, हात थांबला की गळा थांबतो, हात परत चालू झाला की मधूनच पुढे. प्रेक्षकाला ओळखायला दोन-तीन सेकंद लागतील, आणि ओळखेपर्यंत ती थांबलेली असेल. टाळी वाजायला जागाच राहत नाही. मग मधे कुठेतरी पलीकडच्या वाडीतल्या लग्नात बेंजोवर तीच चाल लांबून येऊ दे, तिनं मान वर करावी, एवढंच. आणि शेवटी होडीत काहीच वाजवू नकोस, वल्ह्याचा आवाज, पाणी, आणि वाटलं तर परत ती अर्धी ओळ.

याचा एक मोठा व्यवहारी फायदा आहे, तो हक्कांच्या भागात सांगतो.

आता टाइमलाइनवर काम करताना जे कुणी सांगत नाही ते. रेडिओ कुणासाठी थांबत नाही. पात्र दार उघडून आत आलं आणि नेमका तेव्हाच रेडिओवर मुखडा सुरू झाला की प्रेक्षकाला कारण कळत नाही पण ते खोटं वाटतं. गाणं आधीच अर्ध्यात आलेलं असू दे, अंतरा संपता संपता पात्राला आत आण. दुसरं, गाणं म्हणजे घड्याळ. एकदा खोलीत रेडिओ चालू दाखवलास की त्या सीनमध्ये तू वेळ चोरू शकत नाहीस, शॉट बदलला तरी गाणं सलग गेलं पाहिजे, आणि चार सेकंदांची उडी मारलीस तर ती गाण्यात ऐकू येणार. म्हणूनच शूटिंगला संवादाच्या मागे खरं गाणं कधीही वाजवायचं नाही. हे नवीन मुलं हमखास करतात, मूड येतो म्हणून, आणि मग एडिटला बसल्यावर प्रत्येक टेकमध्ये गाण्याची वेगळी ओळ संवादाला चिकटलेली, काढता येत नाही. नटांना शॉटच्या आधी ऐकव, मग बंद कर, बाकी आम्ही बघतो. तिसरं, मराठी संवादावर मराठी शब्द ठेवू नकोस, दोन माणसं एकदम बोलल्यासारखं होतं आणि दोघांचंही कळत नाही. जुन्या गाण्यांत मुखडा आणि अंतऱ्याच्या मधे म्युझिकचा तुकडा असतो, संवाद त्यात बसव.

आणि आवाज कुठून येतोय ते कानाला पटलं पाहिजे. स्टुडिओतलं स्वच्छ गाणं घेऊन नुसता व्हॉल्यूम कमी केला की ते लांबचं वाटत नाही, हळू वाजवलेलं जवळचं वाटतं. 'अमेरिकन ग्राफिटी'मध्ये, १९७३, गावभर गाड्यांच्या रेडिओवर जुनी गाणी वाजतात, तिथे साऊंडवाला वॉल्टर मर्च आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकासनी काय केलं, तर गाण्यांची टेप उघड्या जागेत स्पीकरवर वाजवली आणि लांबून माईकवर परत रेकॉर्ड केली, स्पीकर आणि माईक हलवत हलवत, म्हणजे भिंतींवरून, हवेतून आलेला खरा आवाज मिळतो. त्याला वर्ल्डायझिंग म्हणतात. ते तुला मालवणात फुकटात करता येतं. लग्नाचा कर्णा लागतो ना, तो एका काठावर लाव आणि रेकॉर्डर घेऊन पलीकडच्या काठावर बस. मी हे एका खाडीवर केलंय. कर्ण्यातून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं आणि पाच-सहा हजारांच्या वरचं फारसं निघतच नाही, त्यामुळे ढोलकीचा गाभा जातो, टिपरी राहते, गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा होतो, आणि तोच आपल्या सगळ्यांच्या लहानपणीचा आवाज आहे. खाडी साडेतीनशे मीटर रुंद असेल तर आवाज साधारण एक सेकंद उशिरा पोचतो. पलीकडे वाजवणाऱ्याचा हात पडताना दिसतो आणि ठोका नंतर येतो. तुझ्या बेंजोच्या शॉटमध्ये ही एका सेकंदाची फट ठेव, कृपा करून आवाज चित्राशी जुळवू नकोस, ती फट म्हणजेच खाडी आहे. वेळ घे ती दिवस मावळल्यावरची. दुपारी वारा आवाजाचे तुकडे करतो, पण संध्याकाळी वारा पडला की पाण्यालगतची हवा गार आणि वरची त्या मानानं उबदार राहते, त्यामुळे आवाज वर उडून न जाता परत खाली वळतो आणि शब्दन् शब्द ऐकू येतो. आमच्या म्हाताऱ्या माणसांना हे माहीत असायचं, पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर तिन्हीसांजेला.

आता हक्क. तीस सेकंदांचा असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. दहा सेकंदांचाही नाही. डोक्यातून काढून टाक.

गाणं ऐकताना एक वाटतं पण कागदावर त्याचे तीन भाग असतात. शब्द, चाल, आणि रेकॉर्डिंग. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, तर रेकॉर्डिंगचा ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं, आणि मोजायचं पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. तुझ्याच गाण्यावर लावून बघ. ते 'वैशाख वणवा' या १९६४ च्या सिनेमातलं, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत दत्ता डावजेकरांचं. १९६४ चं रेकॉर्डिंग धरलं तर त्याची साठ वर्षं २०२४ च्या ३१ डिसेंबरला संपली. इथे लोक उडी मारतात, की झालं, गाणं मोकळं. नाही रे. गदिमा गेले १९७७ मध्ये, म्हणजे शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत बांधलेले. डावजेकर गेले २००७ मध्ये, चाल २०६७ पर्यंत. रेकॉर्ड मोकळी झाली तरी तिच्यातले शब्द आणि चाल मोकळी होत नाही, आणि त्यांच्याशिवाय रेकॉर्डमध्ये उरतं काय. त्यातही तुझ्या हातात जी फाईल आहे ती मूळ रेकॉर्डची की नंतर कुणी वाद्यं घालून नव्यानं केलेली, ते तपास, कारण नव्या रेकॉर्डिंगची साठ वर्षं नव्यानं सुरू होतात. सिनेमा बाहेरच्या फेस्टिव्हलला पाठवणार असशील तर तिकडच्या मुदती वेगळ्या, युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं.

म्हणजे परवानगी लागणारच. सिनेमाच्या चित्राला गाणं जोडायची जी परवानगी तिला सिंक म्हणतात, आणि मूळ रेकॉर्डिंग वापरायची वेगळी, ती मास्टर. आता मघाचा फायदा. म्हातारी स्वतः गुणगुणली किंवा तुझ्या सेटवरच्या बेंजोवाल्यांनी वाजवलं तर मूळ रेकॉर्डिंग तू वापरलंच नाहीस, मास्टरचा प्रश्न मिटला, फक्त सिंक मिटवायचं. बेंजोवर शब्दही नाहीत, नुसती चाल. बजेट छोटं असताना याचा फार फरक पडतो, आणि तेच कथेलाही हवंय. आपल्याकडे जुन्या सिनेमातल्या गाण्यांचे सगळे हक्क बरेचदा एकाच म्युझिक कंपनीकडे असतात, त्यामुळे आधी तिथे विचारायचं, पण "तुमच्याकडे शब्द, चाल, रेकॉर्डिंग यातलं नेमकं काय आहे" हे लेखी विचारायचं. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचं, लायसन्स घेतलं की झालं असंही तुला कुणी सांगेल. ते हॉटेलात, मांडवात, कार्यक्रमात गाणं वाजवायला लागतं, सिनेमात घालायला त्याचा उपयोग नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी मिळायचा हक्क आहे, तो कुणी लिहून घेऊ शकत नाही. ही दुरुस्ती फार उशिरा आली असं माझं मत आहे, किती मोठी माणसं एकरकमी पैशावर गाणी देऊन गेली.

दर ठरलेला नसतो. किती सेकंद, टायटलवर की मागे, कुठल्या देशांत, किती वर्षं, थिएटर की ओटीटी की सगळंच, यावर बोलणी होतात. तू पहिल्यांदा फक्त फेस्टिव्हलपुरता दर माग, आणि त्याच कागदावर लिहून घे की पुढे सिनेमा विकला गेला तर पूर्ण हक्कांचा आकडा किती. तो आकडा आज ठरव. सिनेमा गाजल्यावर विचारायला गेलास तर समोरच्याला तुझी गरज दिसते. मेलमध्ये सीनचं वर्णन खरंखुरं लिही, सेकंद लिही, आणि गाण्याचे सीन शूट करायच्या आधी पाठव.

आधी का, ते माझ्यावर आलेल्या प्रसंगावरून सांगतो. एका सिनेमात नायिका मरणाच्या दारातल्या वडिलांजवळ बसून एक फार प्रसिद्ध भावगीत म्हणते, एकच शॉट, अडीच मिनिटांचा. निर्माता म्हणाला बोलणं झालंय. फायनल मिक्सच्या चार दिवस आधी कळलं की बोलणं फोनवर झालं होतं, कागद नव्हता, आणि ज्यांच्याशी झालं होतं त्यांच्याकडे फक्त रेकॉर्डिंगचे हक्क होते, जे आम्ही वापरतच नव्हतो. शब्दांचे हक्क ज्या घरात होते तिथून नकार आला, आणि तो त्यांचा अधिकार होता. बॅकग्राउंडला असतं तर रातोरात बदललं असतं, पण ओठ दिसत होते. शेवटी वडिलांच्या हातावर, खिडकीवर, तिच्या पाठीवर कापत कापत तो सीन चाळीस सेकंदांचा केला. त्या मुलीनं केलेलं सगळ्यात चांगलं काम कुणीच बघितलं नाही. तो शॉट अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं, तशाच चालीचं करून घेऊ का, याचं उत्तर नाही असंच आहे. चाल ओळखू येण्याइतकी जवळ असेल तर ती नक्कलच झाली, कोर्टातही आणि कानालाही. आणि ओळखू येणार नसेल तर तुला जी आठवण हवी होती तीच गेली. ऐकणारा "हे ते नाही" म्हणून अडकून बसतो, सीन बाजूला राहतो. त्यापेक्षा आपल्याकडे मोकळं किती पडलंय ते बघ. 'सुखकर्ता दुःखहर्ता' समर्थांची, शब्द सगळ्यांचे, घरातल्या माणसांनी झांजा घेऊन म्हटलेली परंपरागत चालीतली आरती तू खुशाल रेकॉर्ड कर, मात्र लताबाईंनी गायलेली रेकॉर्ड उचललीस तर ती उचललेली. तुकोबांचे शब्द मोकळे आहेत पण श्रीनिवास खळ्यांनी 'अभंग तुकयाचे'साठी लावलेल्या चाली नाहीत, खळेकाका २०११ मध्ये गेले, हिशेब तूच कर. दशावतारातली जुनी पदं, शिमग्याची गाणी, बायकांच्या फुगड्यांची गाणी, ही ज्यांच्याकडून रेकॉर्ड करशील त्यांना मानधन दे, लेखी संमती घे, टायटलला गावाचं आणि मंडळाचं नाव दे.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूनं. तू एडिटला पहिल्या दिवसापासून हे गाणं लावून ठेवलंयस, आता दुसरं काही पटत नाही, हे मला समजतं, त्याला टेम्प ट्रॅकचं प्रेम म्हणतात. दिग्दर्शक कुब्रिकनं '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी ॲलेक्स नॉर्थकडून संगीत करून घेतलं आणि मग बाजूला ठेवून एडिटवर लावलेल्या जुन्या रचनाच कायम केल्या. त्याचं बरोबर होतं, कारण १९६८ साली ती अवकाशयानं स्ट्राउसच्या वॉल्ट्झवर फिरताना बघून कुणी नाचायला उठलं नाही, चित्र गाण्याहून मोठं होतं. तुझ्या होडीचा शॉट तसा आहे का, हे गाणं बंद करून बघ. एकदा नाही, आठवडाभर बंद ठेवून.

आणि तुझा प्रेक्षक कोण तेही धर. 'गुमनाम'मधलं 'जान पहचान हो' २००१ च्या 'घोस्ट वर्ल्ड'च्या सुरुवातीलाच येतं, तिकडच्या बहुतेकांनी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, त्यांना ते निव्वळ एक अजब, झपाटलेलं गाणं वाटलं. आपल्याला बघताना लक्ष्मी छाया आणि रफी आठवल्याशिवाय राहत नाहीत. तुझा सिनेमा रॉटरडॅमच्या फेस्टिव्हलला लागला तर तिथे टाळी पडणार नाही, पण उलटा अर्थही कळणार नाही, सबटायटलमध्ये माहेर हा शब्द कसा आणणार आहेस ते आत्ताच ठरव. कुडाळला लागला तर दोन्ही होणार. मी असतो तर कुडाळचा प्रेक्षक धरून मिक्स केला असता.

तर ह्या आठवड्यात मेल पाठव. आजीचं काम करणाऱ्या बाईंना गाणं पाठ करायला देऊ नकोस, फक्त दोनदा ऐकव आणि चार दिवसांनी विचार काय आठवतंय. जे आठवेल तेच सोलं पसरताना म्हणू दे, रेकॉर्डर लांब पडवीच्या खांबाला लाव, त्यांना सांगूही नकोस कुठला टेक आहे. तीन-चार टेक झाले की मला पाठव, हेडफोन लावून नीट ऐकतो आणि कळवतो.